साक्षर कोणाला म्हणायचे, आणि ते मोजायचे कसे?

३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनाच्या मुहूर्तावर, गोवा ‘पूर्ण साक्षर’ राज्य म्हणून जाहीर झाले. त्याच्या दहा दिवस आधी मिझोरमची तशी घोषणा झाली होती आणि त्याआधी, जून २०२४ मध्ये, लडाखची. बातमी आनंदाचीच आहे. पण आकड्यांकडे पाहिले की मन थोडे गोंधळते. २०११ च्या जनगणनेत गोव्याचा साक्षरता दर ८८.७० टक्के होता, केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात तो ९३.६० टक्के आला आणि राज्याच्या स्वतःच्या पाहणीत ९५ च्या पुढे गेला. जनगणनेला बरीच वर्षे झाली म्हणून ती बाजूला ठेवली, तरी उरलेल्या दोन आकड्यांपैकी खरा कोणता, हा प्रश्न राहतोच. दोन्ही आकडे आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात, कारण साक्षरतेची टक्केवारी ही कोणाला विचारले, काय विचारले आणि रेघ कोठे ओढली यावर ठरते. आता २०२७ ची जनगणना तोंडावर आहे आणि तिच्यातूनही अशीच एक टक्केवारी बाहेर पडेल. ती कशी घडते आणि तिच्यामागे कोण झाकले जाते, हे त्याआधी समजून घेतले पाहिजे.

जनगणना कोणाला साक्षर मानते?

आपल्या जनगणनेची व्याख्या साधी आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक वय असलेल्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते, ती साक्षर. वाचता येते पण लिहिता येत नाही, अशी व्यक्ती साक्षर धरली जात नाही. शाळेत गेले असण्याची किंवा एखादी परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट नाही. नुसती सही करता येणे पुरेसे नाही. ब्रेल लिपीत वाचणारी दृष्टिहीन व्यक्ती साक्षर मानली जाते.

ही व्याख्या एका दिवसात ठरलेली नाही. १९११ च्या जनगणनेत कसोटी अशी होती की माणसाला मित्राला पत्र लिहिता आले पाहिजे आणि त्याचे आलेले उत्तर वाचता आले पाहिजे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही कसोटी मला आजही मोलाची वाटते, कारण तिच्यात वाचन-लेखन कशासाठी हे स्पष्ट दिसते. पुढे वयाची अट बदलत गेली. १९९१ पासून सात वर्षांखालील मुले हिशेबातून वगळली जातात.

या एका अटीने आकडा किती बदलतो ते पाहा. २०११ मध्ये देशाची लोकसंख्या १२१ कोटी होती आणि साक्षर सुमारे ७६ कोटी. सर्वांना हिशेबात धरले तर दर ६३ टक्के येतो. सात वर्षांखालील सुमारे साडेसोळा कोटी मुले वगळली की तोच दर ७३ टक्के होतो, आणि हाच आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. प्रौढ शिक्षणासाठी मात्र पंधरा वर्षांपुढच्यांचा हिशेब करावा लागतो, आणि तेथे त्याच जनगणनेचा दर सुमारे ६९ टक्के भरतो, कारण शाळेत जाणारी मुले गणतीतून निघाली की ज्यांच्या लहानपणी शाळा पोहोचलीच नव्हती अशा पिढीचा वाटा वाढतो. देश एक, वर्ष एक, गणना एक, आणि दर तीन. म्हणून साक्षरतेची टक्केवारी समोर आली की ती कोणत्या वयापुढची आहे, हे आधी पाहावे.

उत्तर कोण देते?

जनगणनेचा प्रगणक घरी येतो तेव्हा बहुधा घरातली एकच व्यक्ती सर्वांची माहिती देते. ‘आईला लिहिता-वाचता येते का?’ या प्रश्नाला मुलगा उत्तर देतो. कागद समोर ठेवून कोणाला वाचायला सांगावे, इतका वेळ प्रगणकाजवळ नसतो. श्रमबल सर्वेक्षणासारख्या नमुना पाहण्यांतही साक्षरता विचारूनच नोंदली जाते. त्यामुळे आपण ज्याला साक्षरता दर म्हणतो, तो खरे तर ‘घरच्यांनी साक्षर असे सांगितलेल्यांचा’ दर असतो.

यावर कोणी म्हणेल की लोक खोटे कशाला सांगतील. मुद्दाम खोटे सांगण्याचा हा प्रश्नच नाही. चौथीपर्यंत शाळेत गेलेली आणि त्यानंतर तीस वर्षे पेन हाती न धरलेली बाई साक्षर की निरक्षर, याचे उत्तर तिच्या मुलाला प्रामाणिकपणेही देता येत नाही. ‘शिकली होती’ हे त्याला ठाऊक असते. आज तिला काय वाचता येते हे त्याने कधी पाहिलेले नसते. त्यात निरक्षरतेची लाजही असते, आणि सासरच्या माणसांसमोर ‘मला वाचता येत नाही’ असे म्हणणे सोपे नसते.

प्रत्यक्ष वाचायला दिल्यावर काय दिसते, याची कल्पना ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या फेरीतून येते. १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलामुलींना दुसरीच्या पातळीचा उतारा त्यांच्या प्रादेशिक भाषेत वाचायला दिला, तेव्हा सुमारे २५ टक्क्यांना तो सलग वाचता आला नाही. ही पाहणी निवडक जिल्ह्यांतली होती, संपूर्ण देशाची नव्हे. तरीही यांतली बहुतेक मुले शाळा-महाविद्यालयांत नाव असलेली होती, आणि घरी प्रगणक आला असता तर त्यांच्यातील जवळजवळ प्रत्येकाच्या नावापुढे ‘साक्षर’ अशीच नोंद झाली असती.

होय-नाहीचा प्रश्न की पातळीचा?

आपल्याकडे विहिरीबद्दल ‘पाणी आहे का?’ असे विचारून कोणी थांबत नाही. ‘किती परस पाणी आहे?’ असे विचारतात. पाणी आहे एवढ्यावर कोणते पीक घ्यायचे हे ठरत नाही. त्यासाठी खोली कळावी लागते, आणि दिवाळीत असलेले पाणी वैशाखात राहते का, हेही कळावे लागते. साक्षरतेचे तसेच आहे. जनगणना पहिला प्रश्न विचारते, आणि तिने तो विचारणे योग्यच आहे, कारण शंभर कोटींहून अधिक माणसांना विचारायचा प्रश्न लहानच असावा लागतो. पण प्रौढ शिक्षणाचे काम दुसऱ्या प्रश्नावर चालते.

युनेस्कोच्या विचारातही हा बदल झाला. १९५८ मध्ये तिने केलेली व्याख्या अशी होती की ज्याला आपल्या रोजच्या जीवनाविषयीचे लहान, साधे विधान समजून वाचता आणि लिहिता येते, तो साक्षर. १९७८ मध्ये तिने ‘कार्यात्मक साक्षरते’ची व्याख्या स्वीकारली. आपल्या समूहात आणि समाजात वावरताना जेथे जेथे वाचन, लेखन आणि हिशेब लागतो, ती सर्व कामे ज्याला करता येतात आणि स्वतःच्या व समाजाच्या विकासासाठी ही कौशल्ये जो पुढेही वापरू शकतो, तो कार्यात्मक दृष्ट्या साक्षर. या व्याख्येत कसोटी माणसाच्या जगण्याशी बांधली गेली, त्यामुळे समाज बदलला की साक्षरतेची रेघही सरकते. पूर्वी बँकेशी संबंधच नसलेल्या बाईच्या खात्यात आज सरकारी योजनेचे पैसे जमा होतात. तिच्यासाठी पासबुक वाचता येणे ही नवी गरज आहे, जी तिच्या आईला नव्हती.

पातळी मोजण्याचे शास्त्रही तयार झाले आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना ही प्रामुख्याने प्रगत देशांची संस्था १६ ते ६५ वयाच्या प्रौढांच्या कौशल्यांची थेट चाचणी घेते. चाचणीत सोपे आणि कठीण प्रश्न मिसळलेले असतात, आणि ज्याला कठीण प्रश्न सुटतात त्याला सोपे बहुधा सुटतातच, या तत्त्वावर माणूस आणि प्रश्न एकाच मोजपट्टीवर बसवले जातात. ही पट्टी शून्य ते पाचशेची असून तिचे टप्पे पाडलेले आहेत. २०२३ च्या फेरीत ३१ देश आणि प्रदेश सहभागी होते. भारत त्यांत नव्हता. त्या फेरीत या संघटनेच्या सदस्य देशांत सरासरी २६ टक्के प्रौढ वाचनाच्या पहिल्या पातळीवर किंवा तिच्याखाली आढळले. म्हणजे मजकूर लहान असेल आणि हवी ती माहिती समोरच ठळक दिली असेल, तर त्यांना ती सापडते. त्यापलीकडे अडचण येते. जेथे जवळजवळ प्रत्येक मूल शाळेत जाते, तेथील ही स्थिती आहे. आपल्या नेहमीच्या व्याख्येने तेथील बहुतेक सगळे साक्षरच ठरले असते.

सातबारा समोर ठेवून पाहू

पातळी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कागदावर सहज पाहता येते. सातबारा उतारा ही गोष्ट नाही, निबंध नाही; ती रकाने आणि आकडे असलेली नोंद आहे. प्रौढ साक्षरतेच्या अभ्यासात सलग मजकूर वाचणे, तक्ते-फॉर्म वाचणे आणि त्यांतले आकडे वापरणे ही तीन वेगळी कौशल्ये मानली गेली आहेत, कारण एक येते म्हणून दुसरे येतेच असे नाही. वर्तमानपत्रातली बातमी वाचणारा माणूस सातबारा पाहून गोंधळतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

आता एका शेतकरी बाईच्या हाती तिच्याच जमिनीचा उतारा देऊन काही गोष्टी विचारा. उताऱ्यावर तुमचे नाव कोठे आहे? हे तिने बोट ठेवून दाखवले, तर तिला आपले नाव ओळखता येते. क्षेत्र किती लिहिले आहे? येथे तिला योग्य रकाना शोधून आकडा वाचावा लागतो. ०.८० हेक्टर म्हणजे साधारण किती एकर? येथे दशांश चिन्हापुढचे ८० म्हणजे ८० आर, एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून सुमारे दोन एकर, असा हिशेब लागतो. ‘इतर अधिकार’ या रकान्यात एखाद्या बँकेचे किंवा सोसायटीचे नाव असेल तर त्याचा तुमच्यासाठी अर्थ काय? येथे नुसते वाचून भागत नाही. जमिनीवर कर्जाचा बोजा नोंदलेला आहे आणि कर्ज फेडले असेल तर तो कमी करून घ्यायचा आहे, हे उमगावे लागते.

या चारही प्रश्नांना एकाच कागदावर उत्तरे आहेत, आणि तरीही पहिल्या प्रश्नाशी थांबणारी बाई आणि चौथ्यापर्यंत जाणारी बाई यांच्यात मोठे अंतर आहे. जमिनीचा व्यवहार करताना फसवणूक होते ती या अंतरात. साक्षरता दराच्या तक्त्यात दोघींचा आकडा एकच असू शकतो.

‘उल्लास’ची परीक्षा काय मोजते?

सध्या देशात ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ चालू आहे. २०२२ ते २०२७ या काळात पंधरा वर्षांवरील पाच कोटी असाक्षरांपर्यंत पोहोचण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे आणि शिकवण्याचे काम स्वयंसेवक करतात. शेवटी पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान मूल्यमापन चाचणी होते. ती १५० गुणांची असून वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक भागात किमान ३३ टक्के लागतात. महाराष्ट्रात ही चाचणी प्रथम १७ मार्च २०२४ रोजी झाली.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने राज्यांना साक्षरतेची व्याख्या कळवली. समजून वाचणे, लिहिणे आणि हिशेब करणे यांबरोबरच डिजिटल साक्षरता, आर्थिक साक्षरता यांसारखी जीवनकौशल्येही तिच्यात आहेत. त्याच वेळी ९५ टक्के साक्षरता गाठलेले राज्य पूर्ण साक्षर मानावे, असेही ठरले. उरलेले पाच टक्के सोडण्यामागे कारण आहे: अतिवृद्ध, गंभीर आजारी किंवा काही प्रकारचे अपंगत्व असलेल्या प्रत्येकाला परीक्षेपर्यंत आणणे शक्य नसते. केरळ १८ एप्रिल १९९१ रोजी संपूर्ण साक्षर जाहीर झाले तेव्हा ही मर्यादा ९० टक्क्यांची होती, आणि ती घोषणा करण्याचा मान चेलक्कोडन आयिशा या नवसाक्षर महिलेला दिला गेला होता.

माझा आक्षेप मर्यादेला नाही. आक्षेप हा आहे की व्याख्या विस्तारली, पण परीक्षा तीन भागांचीच राहिली. व्याख्येत असलेली आर्थिक आणि डिजिटल कौशल्ये ती स्वतंत्रपणे तपासत नाही. आणि १९८८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने ठरवलेले निकष पाहिले तर आजची उत्तीर्णतेची रेघ खाली आली आहे, हे मान्य करावे लागते. त्या निकषांत मिनिटाला ३० शब्द मोठ्याने आणि ३५ शब्द मनात वाचणे, मिनिटाला सात शब्द पाहून आणि पाच शब्द ऐकून लिहिणे, शंभरपर्यंतचे अंक, व्यवहारातले बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार असे सर्व स्पष्ट लिहिले होते. पुढे दवे समितीने मूल्यमापनासाठी प्रत्येक भागात किमान ५० टक्के आणि एकूण ७० टक्के गुणांची अट सुचवली. वेगाचा आग्रह उगाच नव्हता. अक्षर-अक्षर जुळवत वाचणाऱ्याचे सगळे लक्ष अक्षरांतच गुंतते, आणि वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात मनातून निसटते. मग वाचून झाले तरी अर्थ लागत नाही.

शिकलेले टिकते का?

प्रौढपणी कष्टाने शिकलेली अक्षरे वापर नसेल तर विसरली जातात. महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. १४ ते ५० वयाच्या सर्वांना साक्षर करण्याचा गावाने निश्चय करायचा, गावातल्या शिकलेल्यांनी शिकवायचे, आणि काम पुरे झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची रीत होती. लोकांच्या उत्साहावर उभी राहिलेली इतकी मोठी मोहीम देशात त्याआधी क्वचितच झाली असेल. समारंभानंतर मात्र नवसाक्षरांच्या हाती वाचायला पुरेसे काही राहिले नाही, आणि हीच तिची दुबळी बाजू ठरली.

आजच्या सरकारी हिशेबातही हा प्रश्न दडलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार पंधरा वर्षांवरील असाक्षर २५.७६ कोटी होते, त्यांपैकी १६.६८ कोटी स्त्रिया. ‘साक्षर भारत’ योजनेत मार्च २०१८ पर्यंत ७.६४ कोटी लोकांना साक्षर असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. म्हणून १८.१२ कोटी उरले, असे सांगितले जाते. वजाबाकी बरोबर आहे, पण तिच्या दोन टोकांना दोन वेगळी मापे आहेत. मोठी संख्या घरच्यांच्या सांगण्यावरून आली, लहान संख्या परीक्षेवरून. शिवाय उत्तीर्ण झालेला प्रत्येक जण आजही वाचू शकतो, असे या वजाबाकीत गृहीत धरलेले आहे, आणि ते कोणी पुन्हा जाऊन तपासलेले नाही.

काही साहजिक शंका

मोबाइल बोलून चालवता येतो, चित्रे पाहून पैसे पाठवता येतात, मग वाचण्याची एवढी काय गरज, असे तरुण मंडळी विचारतात. पैसे पाठवण्यापुरते ते खरे आहे. पण खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आणि पैसे आल्याचा संदेश यांतला फरक वाचल्याशिवाय कळत नाही, आणि फसवणूक करणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. मोबाइलमुळे वाचनाची गरज कमी झालेली नाही. न वाचता येण्याची किंमत वाढली आहे.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. कसोटी कडक केली तर सत्तरीत पहिल्यांदा पाटी धरलेल्या आजीला नापास ठरवायचे का? मुळीच नाही. पास-नापासची एकच रेघ असते तेव्हाच असा अपमान होतो, कारण रेघेच्या जरा अलीकडचा आणि जरा पलीकडचा यांच्यात खरे अंतर फारसे नसूनही एकाला प्रमाणपत्र मिळते आणि दुसऱ्याला नाही. पातळ्या असतील तर आजीला पहिल्या पातळीचा मान मिळेल आणि तिच्या पुढची पायरी कोणती हे शिकवणाऱ्यालाही कळेल.

भाषेचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. २०११ मध्ये राज्यात सर्वांत कमी, ६४.३८ टक्के, साक्षरता नंदुरबार जिल्ह्याची होती. तेथे अनेक घरांत भिली, पावरी बोलली जाते. अशा घरातली बाई मराठी पुस्तिकेतून शिकते तेव्हा ती लिपी आणि भाषा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकत असते. तिला कमी गुण मिळाले, तर ती वाचनात मागे आहे की मराठीत, हे चाचणीवरून सांगता येत नाही. जनगणनेच्या व्याख्येत ‘कोणतीही भाषा’ आहे. तीच मोकळीक शिकवताना आणि चाचणी घेताना मिळाली पाहिजे.

राहिला खर्च. पातळी मोजण्यासाठी प्रत्येकाची परीक्षा घ्यावी लागत नाही. नीट निवडलेल्या काही हजार लोकांच्या थेट चाचणीवरून संपूर्ण राज्याचे चित्र मिळते. महाराष्ट्रात २०११ मध्ये पुरुषांचा साक्षरता दर ८८.३८ आणि स्त्रियांचा ७५.८७ टक्के होता, म्हणून असा नमुना स्त्री-पुरुष वेगवेगळा निवडावा लागेल. ‘उल्लास’मध्ये उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाची नोंद सरकारकडे आहेच. त्या यादीतून नमुना काढून, प्रमाणपत्रानंतर दोन वर्षांनी घरी जाऊन, पासबुक, सातबारा, औषधाची चिठ्ठी आणि एसटीचे वेळापत्रक समोर ठेवून चाचणी घेतली आणि तिचे निकाल तालुकावार जाहीर केले, तर कोणत्या गावात पुन्हा वर्ग लागतो आणि कोठे फक्त वाचनालयाची पेटी पाठवून भागेल, हे ठरवता येईल.